नागरी उत्क्रांती : एका लोकप्रिय कल्पनेचे परीक्षण

गेल्या दोन दशकांत जीवशास्त्राच्या परिभाषेत ‘नागरी उत्क्रांती’ या संज्ञेची भर पडली आहे. मोठ्या नगरांच्या वाढीमुळे प्राणी आणि वनस्पती यांच्यावर जे परिणाम होतात त्यांत केवळ नाश आणि स्थलांतर एवढेच नसून, नव्या परिस्थितीस अनुरूप असे आनुवंशिक बदलही डोळ्यांदेखत, पन्नास-शंभर वर्षांच्या अवधीत घडून येतात, असे या संज्ञेच्या पुरस्कर्त्यांचे प्रतिपादन आहे. मेन्नो शिल्तहाउझेन या डच जीवशास्त्रज्ञांचे ‘डार्विन कम्स टु टाउन’ हे पुस्तक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ही कल्पना विद्यापीठांच्या भिंतींबाहेरही पोहोचली. पुस्तक रसाळ आहे, लेखकाचे अवलोकन सूक्ष्म आहे, आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने ते वाचू नये असे आम्ही कदापि म्हणणार नाही. तथापि आपल्याकडे या विषयावर जे निबंध आणि प्रबंध सध्या लिहिले जात आहेत, त्यांत या पुस्तकातील आणि तत्सम लेखनातील उदाहरणे ज्या निःशंकपणे उद्धृत होतात, ती निःशंकता चिंतनीय आहे. एखादा पक्षी बाल्कनीत घरटे करू लागला की तो ‘उत्क्रांत’ झाला, एखादे श्वापद रस्त्यावर दिसले की तेही ‘नगराशी अनुकूलित’ झाले, असे लिहिण्यास आता कोणी कचरत नाही. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणांपैकी काहींचा पुरावा तपासून पाहण्याचे योजिले आहे.

आरंभ डासापासून करणे सोयीचे, कारण शिल्तहाउझेन यांनीही आपल्या पुस्तकाचा आरंभ तेथूनच केला आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९४० व १९४१ साली बॉम्बवर्षावापासून बचाव करण्यासाठी रात्री मुक्काम करणाऱ्या नागरिकांना डासांनी हैराण केले. हा डास क्युलेक्स पिपियन्स या जातीचाच. परंतु जमिनीवरील त्याचे भाऊबंद पक्ष्यांना चावतात, हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात आणि समागमासाठी त्यांना मोकळ्या हवेतील थवा लागतो. भुयारातील डास मात्र माणसाला चावतो, हिवाळ्यात झोपत नाही, कोंडलेल्या जागेत समागम करतो आणि त्याची मादी रक्ताचा थेंबही न पिता पहिली अंडी घालू शकते. १९९९ मध्ये कॅथरिन बर्न आणि रिचर्ड निकोल्स यांनी या दोन प्रकारांची आनुवंशिक तुलना प्रसिद्ध केली. भुयारातील डास परस्परांशी जवळचे आणि जमिनीवरील डासांपासून वेगळे असल्याचे तीत दिसून आले. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तेव्हा अवघ्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाने खणलेल्या बिळात एक नवा जीव घडला, अशी कथा यातून तयार झाली आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

या कथेत एक सरळ अडचण पहिल्यापासूनच होती, आणि ती पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती, ग्रंथालयाची होती. या डासाला ‘मोलेस्टस’ हे नाव देणारा प्रकृतिशास्त्रज्ञ पेटर फोर्स्कोल हा अठराव्या शतकातला. त्याने हा त्रासदायक डास पाहिला तो इजिप्तमध्ये, आणि त्याचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १७७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनला भुयार खणले जाण्यापूर्वी अठ्ठ्याऐंशी वर्षे ज्याचे नामकरण झाले, तो त्या भुयारात जन्मला कसा, हा प्रश्न नामकरणशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने विचारावयास हवा होता. काही संशोधकांनी तो विचारलाही. परंतु कथा इतकी सुबक होती की शंकेला श्रोते मिळाले नाहीत. २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरातील नमुन्यांच्या जनुकसंचाचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने या प्रश्नाचा निकाल लावला असे म्हणण्यास हरकत नाही. त्यानुसार हा प्रकार हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी, बहुधा पूर्व भूमध्यसागर व मध्यपूर्वेच्या प्रदेशातील प्राचीन कृषिवसाहतींच्या आश्रयाने वेगळा झाला. लंडनच्या भुयारात तो घडला नाही. घडलेलाच तेथे उतरला. उघड्यावरच्या थंडीत त्याला तगता आले नसते, भुयारात ऊब होती, साचलेले पाणी होते आणि माणसेही होती.

येथे बर्न व निकोल्स यांच्यावर दोष ठेवण्याचे कारण नाही. त्यांची मोजमापे खोटी ठरली नाहीत. भुयारातील व जमिनीवरील डास वेगळे आहेत हे तेव्हाही खरे होते आणि आजही खरे आहे. खोटे ठरले ते त्या वेगळेपणाला लावलेले वय आणि दिलेले जन्मस्थान. दोन समूह आज भिन्न आहेत यावरून ते येथेच भिन्न झाले असे सिद्ध होत नाही. हे तर्कशास्त्राचे साधे सूत्र नागरी उत्क्रांतीच्या लेखनात जितक्या वेळा मोडले जाते, तितके क्वचितच दुसरीकडे मोडले जात असेल.

याच्या उलट, ज्या उदाहरणावर गेल्या पंचवीस वर्षांत सर्वांत कडक टीका झाली ते टिकून राहिले आहे. बिस्टन बेट्युलॅरिया हा पांढऱ्या अंगावर काळे शिंतोडे असलेला पतंग. त्याचा काळा नमुना मँचेस्टर येथे प्रथम १८४८ मध्ये मिळाला, आणि शतक संपता संपता त्या शहराच्या परिसरात शंभरांतील अठ्ठ्याण्णव पतंग काळे होते. धुराने शैवाके मेली, झाडांच्या साली काजळल्या, त्यावर पांढरा पतंग पक्ष्यांना दिसू लागला, हे अनुमान टट यांनी १८९६ मध्येच मांडले होते. पुढे १९२४ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी गणिताने दाखविले की एवढ्या वेगाने बदल व्हावयाचा तर काळ्या प्रकाराला पांढऱ्याच्या मानाने किमान दीडपट संतती मागे ठेवता आली पाहिजे. (हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले, आपल्याकडील लोकसंख्या-आनुवंशिकीच्या अध्यापनावर त्यांचा ठसा आहे, तरी त्यांचे हे गणित आमच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकातील एका ओळीपलीकडे सहसा माहीत नसते.) इतकी तीव्र निवड निसर्गात असू शकेल यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास बसला.

बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या वनात आणि १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ वनात खुणा केलेले पतंग सोडून पुन्हा पकडले. बर्मिंगहॅमजवळ सोडलेल्या ४४७ काळ्या पतंगांपैकी १२३, म्हणजे सत्तावीस टक्क्यांहून अधिक, परत मिळाले. १३७ पांढऱ्यांपैकी केवळ १८, म्हणजे सुमारे तेरा टक्के. डॉर्सेटला प्रमाण नेमके उलटले : ४९६ पांढऱ्यांपैकी ६२, ४७३ काळ्यांपैकी ३०. पक्षी पतंग टिपतात हे निको टिनबर्गेन यांनी चित्रपटावर टिपून दाखविले. एवढा पुरावा असता प्रश्न मिटला असे वाटणे साहजिक होते. परंतु पुढे आक्षेप निघाले. पतंग दिवसा सोडले होते. ते उघड्या खोडांवर ठेवले होते, आणि निसर्गात हा पतंग अनेकदा फांद्यांच्या आडोशाला बसतो. थोड्या जागेत फार पतंग सोडले होते. पुस्तकांतून छापली गेलेली प्रसिद्ध छायाचित्रे तर मेलेले पतंग टोचून घेतलेली होती. मायकेल माजेरस यांनी १९९८ मध्ये हे आक्षेप शास्त्रीय मर्यादेत मांडले; २००२ मध्ये ज्युडिथ हूपर यांच्या पुस्तकाने लबाडीची कुजबुज सुरू केली. ती पुराव्यावर टिकली नाही, परंतु उत्क्रांतिवादाच्या विरोधकांनी तिचा यथेच्छ उपयोग करून घेतला.

माजेरस यांनी त्यावर जे केले ते आम्हांस या संपूर्ण वाङ्मयातील सर्वांत अनुकरणीय कृत्य वाटते. टीका करून ते थांबले नाहीत. केंब्रिजमधील स्वतःच्या बागेत त्यांनी सहा वर्षे, २००१ पासून, ४,८६४ पतंग घेऊन प्रयोग केला. पतंग रात्री सोडले, विश्रांतीची जागा त्यांना स्वतः निवडू दिली, घनता कमी ठेवली, आणि सकाळी दुर्बिणीतून कोणते पक्षी काय खातात ते पाहिले. केंब्रिजची हवा तोवर निवळली होती. १९५६ च्या स्वच्छ हवा अधिनियमानंतर इंग्लंडातील धूर ओसरला होता. अपेक्षेप्रमाणे काळे पतंग अधिक प्रमाणात भक्ष्य झाले. माजेरस २००९ मध्ये वारले. त्यांची आकडेवारी सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. २०१६ मध्ये काळ्या रंगास कारणीभूत असलेला आनुवंशिक बदल सापडला. ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकात सुमारे बावीस हजार आधारकांचा एक जंगम तुकडा येऊन बसला होता, आणि तो १८१९ च्या सुमारास बसला असावा असे गणिताने निघाले. गुणधर्म आनुवंशिक आहे, त्याचे प्रमाण काळाच्या ओघात बदलले, बदलाचे साधन प्रत्यक्ष दिसले आणि परिस्थिती उलटताच बदलही उलटला. पुराव्याची एवढी पूर्ण साखळी दुसऱ्या कोणत्याही उदाहरणात नाही.

तरीही हा पतंग ‘नागरी’ म्हणता येईल काय? येथे आमचा मुख्य मतभेद आहे. काळे पतंग केवळ मँचेस्टर-बर्मिंगहॅमच्या हद्दीत वाढले नाहीत. वारा धूर जिकडे नेई तिकडच्या पूर्व इंग्लंडातील खेड्यापाड्यांतही त्यांचे प्रमाण मोठे होते. निवड करणारे साधन होते काजळी आणि तिच्यामुळे मेलेले शैवाक. नगराची वेस नव्हे. ‘नगर’ हा शब्द येथे कारण म्हणून वापरला की खरे कारण नजरेआड होते. नगर म्हणजे उष्णता, कृत्रिम प्रकाश, गोंगाट, फरसबंदी, कचरा, सांडपाणी, भटकी कुत्री, परदेशी झाडे आणि तुकडे-तुकडे झालेली माती यांचे गाठोडे आहे. त्यांतील कोणत्या घटकाने कोणत्या जीवावर परिणाम केला हे सांगितल्यावाचून ‘नगराने बदल घडविला’ हे विधान ‘हवामानाने आजार झाला’ या विधानाइतकेच उपयोगी असते.

पांढऱ्या क्लोव्हरचा अभ्यास या दृष्टीने फार बोधक आहे. आपल्या लसूणघासाच्या कुळातील या वनस्पतीच्या काही झाडांची पाने चावली की हायड्रोजन सायनाइड सुटते व गोगलगायी, किडे दूर राहतात. काही झाडांत ही शक्ती नसते. आणि हा फरक आनुवंशिक आहे. टोरांटोसारख्या थंड शहरांत मध्यवस्तीकडे जावे तसे सायनाइड करणारी झाडे कमी होतात असे प्रथम आढळले. कारण सुचविले गेले ते विलक्षण होते : शहरात बर्फाचा थर पातळ, म्हणून जमिनीलगतची थंडी उलट अधिक, आणि सायनाइडधारी झाडांना गारठा अधिक बाधतो. पुढे सव्वीस देशांतील १६० शहरांत एक लाखाहून अधिक झाडे तपासून २०२२ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याचे वर्तमानपत्री सार ‘जगभरची शहरे वनस्पतीला सारख्याच दिशेने वळवीत आहेत’ असे दिले गेले. परंतु मूळ निबंध वाचला तर शहरापासून खेड्यापर्यंत स्पष्ट चढउतार आढळला तो निम्म्याहून थोड्या कमी शहरांत. त्यांतील बहुतेकांत शहराकडे सायनाइड घटले, पण थोड्यांत ते वाढले. निबंध अत्यंत मोलाचा आहे. आणि त्याचे मोल शहरे एकसारखी नाहीत हे त्याने दाखविले यातच आहे, असे आम्हांस वाटते.

फ्रान्समधील माँपेलिए शहराच्या क्रेपिस सँक्टा या सूर्यफूल-कुलातील तणाचे उदाहरण लहान पण नेटके आहे. हे तण एकाच स्तबकात दोन प्रकारची फळे धरते : केसांचे छत्र असलेली हलकी, वाऱ्यावर उडणारी, आणि बिनछत्राची जड, जागीच पडणारी. रस्त्याकडेच्या झाडांभोवती फरसबंदीत सोडलेल्या चौकोनी मातीत हे तण वाढते. उडालेले बी सिमेंटवर पडून वाया जाते. शेप्तू व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोजले तेव्हा उडणाऱ्या बियांची आपल्या चौकोनात रुजण्याची शक्यता जड बियांहून ५५ टक्क्यांनी कमी भरली. त्यानंतर त्यांनी शहरातील आणि बाहेरील बिया एकाच काचघरात, एकाच मातीत वाढविल्या, आणि तेथेही शहरी झाडांनी जड फळांचे प्रमाण अधिक ठेवले. हा समान वाफ्यातील प्रयोग नसता तर फरक खत-पाण्याचा की वंशाचा हे कळले नसते. येथे कारणही नेमके सांगता येते : फरसबंदीने मातीचे केलेले तुकडे.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या उदाहरणात हेच सुटते. लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी उंच पट्टीत गातात हे स्लाबेकोर्न व पीट यांनी २००३ मध्ये दाखविले. निरीक्षण बिनचूक आहे. पण पक्ष्याचे गाणे बहुतांशी शिकलेले असते. २०२० च्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरील रहदारी थांबताच तेथील पांढऱ्या तुऱ्याच्या चिमण्यांनी आपला आवाज खाली आणला, हलका केला. जे काही आठवड्यांत बदलते त्याला सवय म्हणावे, वंशबदल म्हणू नये.

आता आपल्या भूमीकडे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींच्या भिंतींतून उगवलेला पिंपळ हे नगरातील वनस्पतीचे आपल्याला सर्वांत परिचित दृश्य. त्याविषयी कोणी नागरी उत्क्रांतीचा दावा केला तर तो हास्यास्पद ठरेल. कारण पिंपळ, वड, उंबर यांच्या कुळाचा हा स्वभाव शहरांहून कितीतरी जुना आहे. कोकिळा, तांबट, साळुंक्या फळे खातात, बी कड्याच्या भेगेत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते आणि मूठभर धुळीवर रोप उभे राहते. त्या रोपाच्या दृष्टीने चुन्याची भिंत हा एक कडाच. पारव्याचेही तसेच. डोंगरकपारीत घरटी करणाऱ्या पूर्वजांच्या या वंशजाला गडाची तटबंदी काय आणि गिरगावातील चाळीची वळचण काय, सारखीच. नगराने या जीवांना बदलले नाही. नगर ही एक चाळणी आहे, आणि ते तिच्यातून पार झाले. जे पार झाले नाहीत त्यांच्याविषयी नागरी उत्क्रांतीचे वाङ्मय फारसे बोलत नाही. जगातील शहरांची तुलना करणाऱ्या २०१४ च्या एका व्यापक अभ्यासात, मानवी वस्ती नसलेल्या भूमीत ज्या घनतेने जाती आढळाव्यात तिच्या मानाने शहरांत पक्ष्यांच्या जाती अवघ्या आठ टक्के व वनस्पतींच्या पंचवीस टक्के उरल्या आहेत असे निघाले. शिल्तहाउझेन यांना चाळणीचा हा विचार ठाऊक नाही असे नव्हे. पूर्वानुकूलतेवर त्यांनी लिहिले आहे. परंतु वाचकाच्या स्मरणात राहतो तो भुयारातला डास. चाळणीत अडकून नाहीशा झालेल्यांची पाने राहत नाहीत.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील बिबट्यांविषयी जे लिहिले जाते त्यात तर चाळणी, सवय आणि उत्क्रांती या तिन्हींचा पुरता घोळ असतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या, तिन्ही बाजूंनी वस्तीने वेढलेल्या या वनात २०१८ च्या कॅमेरा-नोंदीत ४७ बिबटे मोजले गेले. ते रात्री वस्तीच्या कडेला येतात, भटकी कुत्री खातात, माणसाची चाहूल लागताच मागे होतात. यावरून ‘मुंबईचा बिबट्या शहरी झाला’ असे सर्रास म्हटले जाते. बिबट्या हा मुळातच कोणत्याही आडोशाला, कोणत्याही भक्ष्यावर निभावणारा प्राणी; जुन्नरच्या उसात तो राहतो, तोच येथे राहतो. येथे विशेष आहे तो बिबट्या नव्हे. कुत्रा, आणि कुत्र्याला पोसणारा कचरा. हा शब्दच्छल नाही. त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातील बिबटे पकडून दूरच्या वनांत सोडण्याचा उपाय झाला, तो ‘बिबट्याची जागा वन, वस्तीत आलेला बिबट्या बहकलेला’ या गृहीतावर. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी नंतर दाखविले की त्या काळात माणसांवरील हल्ले कमी न होता सुमारे चौपट झाले. हे गृहीत चुकीचे होते. पण ‘बिबट्या आता शहराशी जुळला आहे’ हे त्याच्या उलट टोकाचे गृहीतही तितकेच निराधार आहे, कारण ते मान्य केले की कचरा उचलण्याचे, वस्तीच्या कडेला दिवे लावण्याचे आणि वनाची उरलीसुरली सलगता राखण्याचे काम अनावश्यक वाटू लागते.

ठाण्याच्या खाडीतील लहान रोहितांची कथा याच जातीची. १९९० च्या दशकापासून ते येथे हजारोंनी येऊ लागले. २०१५ मध्ये खाडीस अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांनी वाढलेले शेवाळ हे त्यांच्या गर्दीचे एक कारण मानले जाते. म्हणजे ज्या पाण्याने माशांचे जीवन आखडते त्याच पाण्यावर हा पक्षी पोसला जातो. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात उतरत्या विमानाशी धडकून तिसाहून अधिक रोहित मेले. गुलाबी थव्यांची छायाचित्रे पाहून खाडी निरोगी आहे असे मानणे, किंवा रोहित मुंबईकर झाला असे लिहिणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घाईच्या आहेत.

मग आपल्या विद्यार्थ्यांनी करावे काय? बिबटे-रोहित सोडून द्यावेत; त्यांच्या पिढ्या लांब, संख्या थोडी, प्रयोग अशक्य. पुण्या-मुंबईच्या पदपथांच्या भेगांतून एकदांडी, म्हणजेच कंबरमोडी, बारमाही फुलते. मूळची उष्ण अमेरिकेतील, सूर्यफूल-कुलातीलच, आणि छत्रधारी बियांची. हीच वनस्पती घाटमाथ्याच्या उतारांवर आणि शेतांच्या बांधांवरही आहे. दोन्हीकडची फळे गोळा करून विभागाच्या बागेत एकाच मातीत किमान दोन पिढ्या वाढवाव्यात, म्हणजे मातेच्या पोषणाचा फरक गळून जाईल. मग छत्राची लांबी, फळाचे वजन आणि पंख्याच्या वाऱ्यावर पडण्याचा वेग मोजावा. खर्च कुंड्यांचा आणि एका अचूक तराजूचा. क्रेपिसप्रमाणे हिच्यात दोन प्रकारची फळे नाहीत, म्हणून फरक निघालाच तर तो सूक्ष्म असेल आणि नमुन्यांची संख्या मोठी ठेवावी लागेल. फरक न निघाल्यास तोही निष्कर्ष या पत्रिकेत छापण्यास संपादकांनी तयार असावे.